वैनगंगेकांठचा मुका गोंड

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. हिचाच सिवनीकडील वरचा ओघ रड्यार्ड किप्लिंग ह्या इंग्रज कादंबरीकार-कवीनें ‘जंगल बुक’मधून साऱ्या जगास परिचित करून दिला. १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या ह्या लेखकाचें देशी शब्दांशीं असलेलें नातें मोठें विलक्षण होतें. त्याचाच आज थोडा विचार करूं.

किप्लिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईंत झाला. वडील तेथील जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिकवीत. आया आणि मीता नांवाचा गडी ह्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या ह्या मुलास देशी बोली इतकी जवळची होती कीं, आईबापांपुढें जातांना ‘आतां इंग्रजींत बोल’ अशी त्यास आठवण द्यावी लागे. १८७१ सालीं त्यास इंग्लंडांत धाडलें. १८८२ सालीं तो पुनः मुंबईस उतरला, तेव्हां ओळखीच्या दृश्यांनीं व वासांनीं त्याच्या तोंडून देशी वाक्यें आपोआप निघूं लागलीं. परंतु त्यांचा अर्थ त्याचा त्यालाच कळेना! ही हकीकत त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. नाद राहिला होता, अर्थ हरपला होता.

‘जंगल बुक’चे दोन भाग १८९४ व १८९५ सालीं प्रसिद्ध झाले. त्या काळांत किप्लिंग अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत राहत होता. सिवनीचें रान त्यानें प्रत्यक्ष पाहिलें नव्हतें. स्टर्न्डेल ह्या लेखकाच्या १८७७ सालच्या पुस्तकाचा त्यास मोठा आधार झाला. भालू, हाथी, शेर हे देशी शब्द त्यानें पात्रांच्या नांवांत गुंफिले आणि अस्वल, लांडगे, बिबळ्या, अजगर ह्या सर्वांस वाणी दिली.

आतां दुसऱ्या भागांतील एक प्रसंग पाहा. रान गांवावर चालून येतें, पिकें नष्ट होतात. भयभीत गांवकरी एका गोंड शिकाऱ्यास बोलावून, तुमचे जुने देव रागावले काय, असें विचारतात. गोंड कांहींच बोलत नाहीं. तो कारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो, रस्त्याकडे हात करतो आणि रानांत परततो. रान आतां ही जागा गिळणार, तुम्ही निघून जा, हाच त्याचा निरोप. प्रसंग प्रभावी आहे, आणि गोंडांस लेखक ह्या भूमीचे मूळ धनीहि म्हणतो. परंतु जनावरें बोलतात आणि हा मूळ धनी मात्र मुका व निनांवी राहतो!

वास्तविक चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचें चांदा, ही गोंड राजांचीच राजधानी होती. १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांनीं तें राज्य घेतलें. तथापि शहराचा परकोट आणि राणी हिराईनें पति बीरशहासाठीं बांधविलेली समाधि आजहि उभी आहे. गोंडी भाषा द्राविड कुळांतील असून २०११ च्या जनगणनेंत ती बोलणारे सुमारें ३० लाख होते. ज्यांनीं नगरें वसविलीं आणि ज्यांची भाषा अद्याप नांदती आहे, त्यांस मुके कसें म्हणावें?

‘जंगल बुक’ मुलांस अवश्य वाचावयास द्यावें. मात्र त्या गोंडापाशीं पोहोंचतांच क्षणभर थांबून त्यांस सांगावें कीं, हा माणूस मुका नव्हे. लेखकास त्याची भाषा येत नव्हती, आणि बहुधा आपल्यालाहि येत नाहीं.