वाहनांमधील अल्प पल्ल्याचे बिनतारी संदेशवहन

वाहनांमधील अल्प पल्ल्याचे बिनतारी संदेशवहन ही वाहनांनी परस्परांशी व रस्त्याकडेच्या उपकरणांशी रेडिओ लहरींद्वारे थेट माहितीची देवाणघेवाण करण्याची पद्धत होय. अपघात टाळणे हा तिचा प्रमुख उद्देश आहे.

कार्यपद्धती

वाहनातील उपकरण स्वतःचे स्थान, वेग, दिशा व ब्रेकची स्थिती सेकंदाला साधारणपणे दहा वेळा प्रसारित करते. या संदेशाचा पल्ला काहीशे मीटर असतो. समोरासमोरून ताशी ४० किमी वेगाने येणाऱ्या दोन वाहनांमधील अंतर सेकंदाला सुमारे २२ मीटरने घटते. ३०० मीटरांवर संदेश मिळाल्यास चालकांना सुमारे १३ सेकंदांचा अवधी लाभतो.

वारंवारता व मानके

अमेरिकेत १९९९ मध्ये ५.८५० ते ५.९२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा यासाठी राखून ठेवण्यात आला. वाय-फायच्या कुळातील ८०२.११पी हे मानक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मोबाइल तंत्रज्ञानावर आधारित पर्याय विकसित झाला. २०२० मध्ये अमेरिकेने ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापरासाठी मोकळे केले व उर्वरित पट्टा या नव्या पर्यायाकडे वळवला.

फास्टॅगपासून वेगळेपण

भारतात फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर चारचाकी वाहनांना सक्तीचा झालेला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरील वाचकयंत्राच्या लहरींवरच तो आपली ओळख कळवतो. दोन वाहनांमध्ये त्याद्वारे संवाद होत नाही.

घाटमार्गातील उपयोग व मर्यादा

राष्ट्रीय महामार्ग ५२ वरील चाळीसगाव–कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटात (कन्नड घाट) तीव्र वळणांमुळे समोरचे वाहन उशिरा दिसते. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत येथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. अशा ठिकाणी बंद पडलेला ट्रक, धुके वा दरड यांची सूचना मागील वाहनांना आधीच मिळणे मोलाचे ठरते. परंतु ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगरकड्याआड सहज वळत नाहीत. त्यामुळे वळणाच्या टोकाशी, दोन्ही बाजू दिसतील असे पुनःप्रसारण करणारे उपकरण बसवावे लागते.

उपकरण नसलेली दुचाकी, बैलगाडी किंवा पादचारी या यंत्रणेस आपले अस्तित्व कळवू शकत नाहीत. खोटे संदेश रोखण्यासाठी प्रत्येक संदेशावर अंकीय स्वाक्षरी आवश्यक असते. म्हणून ही पद्धत संरक्षक कठडे, बहिर्गोल आरसे व वळणावरील भोंगा यांना पूरक ठरते, पर्याय ठरत नाही.