चार्ज आणि पदविका

पहाटे पावणेपाच. नगरच्या सावेडीतल्या घरात ओट्याच्या कडेला मुक्त विद्यापीठाचं पुस्तक पालथं पडलेलं असतं. कुकर लावला की ते सरळ करायचं, पहिल्या शिट्टीपर्यंत पानभर वाचून होतं. शालेय व्यवस्थापन पदविकेचा माझा अभ्यास हा असा चालतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. आमच्या घरी ती स्वयंपाकघरापर्यंत आली आहे, पुढे सरकायला जागा नाही.

आजचा धडा हेन्री फेयॉलचा. व्यवस्थापनाचं कुठलंही पुस्तक घ्या, हा गृहस्थ चुकत नाही. फ्रान्समधल्या खाण कंपनीचा हा कारभारी. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापकाची पाच कामं त्यानं 1916 मध्ये मांडली. त्याच्या हाताखाली खाणीच्या खाणी होत्या. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक दोन, त्यातली एक मी. आदेश द्यायचा तर कुणाला?

यात कुणाचा दोष नाही, कायद्याचं गणितच तसं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर मुलं असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आमचा पट 38. म्हणजे मुख्याध्यापक नाही, पण मुख्याध्यापकाचं काम मात्र पुरेपूर आहे. ते सेवाज्येष्ठाकडे येतं आणि त्याला आम्ही ‘चार्ज’ म्हणतो. वाड्या-वस्त्यांवरच्या बहुतेक द्विशिक्षकी शाळा अशाच चार्जवर चालतात.

पावणेआठला गाडी निघते. आम्ही तिघी शिक्षिका पेट्रोल वाटून घेतो. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहण्याच्या नियमाचा विषय या गाडीत कुणी काढत नाही. शहर ओलांडताना मला दर वेळी सावित्रीबाई फुले आठवतात. अध्यापनाचं शिक्षण घ्यायला त्या याच गावात, मिस फरारबाईंच्या मिशन शाळेत आल्या होत्या. शिकवायचं प्रशिक्षण नगरला काही नवं नाही, पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. शाळा चालवायचं प्रशिक्षण मात्र मला चार्ज हातात पडल्यावर, स्वतः फी भरून, रविवारच्या संपर्क सत्रांत घ्यावं लागतं आहे. करंजी घाट उतरेपर्यंत दोघींना डुलकी लागलेली असते. त्यांच्याकडे चार्ज नाही.

पावणेदहा. कुलूप उघडण्यापासून माझं मुख्याध्यापकपद सुरू होतं. परिपाठ, प्रार्थना, हजेरी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. सर वयानं लहान, कामाला वाघ आणि कागदाला भिणारे. त्यामुळे कागद माझे, आणि बाग, खेळ, गॅदरिंग त्यांचं. संघटन म्हणजे काय ते आम्ही असं सोडवलं आहे.

साडेदहाला फोन थरथरायला लागतो. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप. ‘अतितातडीचे. आज दुपारी 12 पर्यंत माहिती सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ निरंक कळवण्यातही वेळ जातो, हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालायला हवं. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक आता माझ्या बोटांना पाठ आहे. सुरुवातीचे 27 महाराष्ट्राचे, पुढचे 26 आमच्या जिल्ह्याचे. जिल्ह्याचं नाव बदललं, अंक तेच राहिले. मी तिसरीला वजाबाकीची उदाहरणं घालते आणि ती सोडवेपर्यंत तक्ता भरते. हे बरोबर नाही हे मला कळतं, तक्ता मागणाऱ्यालाही कळत असणार.

पावणेबाराला पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदूळ मोजायला बोलावतात. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम. आज हजर 34, म्हणजे तीन किलो चारशे. काट्यावर पातेलं ठेवायचं, पातेल्याचं वजन वजा करायचं, साठा नोंदवहीत कालची शिल्लक आणि आजचा खर्च लिहायचा, मग तेच मोबाइलवर भरायचं. शिजल्यावर मुलांच्या आधी आपण चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची. मावशींना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं, तेही वेळेवर आलं तर. तरी जिऱ्याची फोडणी त्या कधी चुकवत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेवर पदविकेत मॅस्लोची उतरंड वाचायला मिळते. तीत मावशींना कुठे बसवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलं जेवून पांगली की अर्धा तास आमचा. सरांनी डबा उघडला की विषय ठरलेला. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, आणि पदोन्नती हवी असेल तर टीईटीशिवाय नाहीच. त्यावर केंद्रप्रमुखाच्या निम्म्या जागा मर्यादित विभागीय परीक्षेनं भरायच्या. म्हणजे सरांच्या पिशवीत टीईटीचं गाइड, माझ्या पिशवीत पदविकेची पुस्तकं, आणि आमच्या वर्गांतली मुलं आमच्याकडे बघत बसलेली. आमच्यापैकी बहुतेकजण पदविका ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून करतात. पुढे म्हणजे पदोन्नतीला. कुणी विचारलं तर मीही तेच सांगते, कारण खरं कारण सांगितलं तर लोक हसतात.

दीड वाजता चौथीला गटांत बसवून वर्तमानपत्राचे मुखवटे करायला दिले. हे खूळ पुस्तकातूनच आलं. नेतृत्वाच्या हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट अशा तीन शैली आपण परीक्षेत घोकतो. त्या कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये मांडल्या, दहा वर्षांच्या मुलांची मंडळं पाहून. ती मुलं मुखवटेच बनवत होती. मोठ्या साहेबांच्या प्रशिक्षणात जो सिद्धांत पडद्यावर झळकतो, तो मुळात चौथीच्या वयाच्या पोरांकडून आलेला आहे, याचं मला फार बरं वाटतं. आमच्या एका गटात हुकूमशहा निघाला, त्याच्या गटाचा मुखवटा सर्वांत आधी झाला आणि तो बाहेर गेल्याबरोबर गटानं त्याला दोन शिंगं काढली.

तीन वाजता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. दसरा होऊन आठवडा झालाय. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या तयारीत आहेत आणि ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घरोघर पोचली आहे. यंदा सप्टेंबरच्या पावसानं तालुक्यातली पिकं झोपवली, त्यामुळे नुसता कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, नाही, सगळं घरच बाहेर पडणार. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभा राहिला, त्याच जिल्ह्याच्या या टोकाला दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात. बैठकीचा विषय कागदावर ‘स्थलांतरित विद्यार्थी’, प्रत्यक्षात सात मुलं.

कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. मी सचिव. इतिवृत्त आधीच लिहून आणून सह्या घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, ती सोयीची आहे. पदविकेच्या पुस्तकात सहभागी निर्णयप्रक्रियेचं एक प्रकरण आहे, पुस्तकी वाटणारं. मी एवढंच केलं, की इतिवृत्ताचं पान कोरं ठेवलं आणि गप्प बसले. ते फार अवघड गेलं.

अध्यक्ष ताई स्वतः चार हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेल्या. त्यांनी सातही घरांची नावं घेतली. तिसरीतल्या एका मुलीची आजी ओसरीवर बसली होती, ती म्हणाली, “पोरगी हितं ठिवली तर तिकडं बारकं कोण धरील?” याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी हंगामी वसतिगृहाच्या योजनेचं सांगितलं. ती समितीमार्फतच चालते, पण प्रस्ताव जाऊन मंजुरी येईपर्यंत ट्रॅक्टर निघून गेलेला असतो, हेही सांगितलं. मग ताईंनीच तोड काढली. चार मुलं आजी-आजोबांकडे ठेवायची, संध्याकाळी दोन तास शाळेचा व्हरांडा उघडा ठेवायचा, तरुण मंडळातला एकजण बसेल. दिव्याचा खर्च ग्रामपंचायतीकडे मागायचा. उरलेल्या तिघांचं काही जमलं नाही. त्यांना हजेरीचं शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल होता येईल. त्यांत ती मुलगीही आहे. पाऊण तासानं पान भरलं, सह्या आणि अंगठे झाले.

पाचला कुलूप. परतीच्या गाडीत मी बोलत नाही.

रात्री साडेनऊला स्वाध्यायाची वही. प्रश्न आहे, ‘प्रभावी मुख्याध्यापकाचे गुण सोदाहरण स्पष्ट करा.’ पुस्तकातले गुण लिहिले तर गुण मिळतील, म्हणून ते लिहिले. उदाहरणात मात्र आजची बैठक घातली, नावं गाळून.

माझं मत विचाराल तर ही पदविका चांगली आहे, फक्त चुकीच्या वेळी मिळते. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनासाठी राज्याची संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, देशाची दिल्लीला, जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था संगमनेरला. या तिघींनी मिळून एक करावं. ज्याच्याकडे चार्ज जाणार आहे त्याला तो देण्याआधी, सरकारी खर्चानं, हिशेब, कायदा आणि बैठक घेणं या तीन गोष्टी शिकवाव्यात. पुढचं ज्याचं तो शिकेल. आणि तोवर चार्जवर असलेल्या माझ्या मैत्रिणींनो, पदोन्नती होवो न होवो, पुढच्या पावसाळ्यात प्रवेश सुरू झाले की अर्ज भरा. एकटीनं वाचू नका, केंद्रातल्या आणखी दोघींना बरोबर घ्या.