विश्लेषण : फुप्फुसात पुन्हा गाठ, जुनाच कर्करोग परतला की नवा झाला?

फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे उलटली आणि नियमित तपासणीच्या सीटी स्कॅनमध्ये पुन्हा गाठ दिसली, की ‘कर्करोग परत आला’ असेच घरचे धरून चालतात. प्रत्यक्षात ती गाठ स्वतंत्र, नवा कर्करोगही असू शकते. पुढचे उपचार या फरकावरच ठरतात.

फरकाने काय बदलते?

समजा, पहिली गाठ उजव्या फुप्फुसात होती आणि आताची डाव्यात आहे. ती जुन्याच कर्करोगाची असेल, तर आजार पसरला असे मानून प्रामुख्याने औषधोपचार केले जातात. मात्र ती नवी, लहान आणि एकाच जागी असेल, तर तो पहिल्या टप्प्यातला कर्करोग असू शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेने किंवा नेमक्या जागी दिलेल्या रेडिएशनने रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता असते.

डॉक्टर कसे ओळखतात?

न्यूयॉर्कमधील डॉ. मार्टिनी आणि डॉ. मेलामेड यांनी १९७५ मध्ये मांडलेले निकष आजही आधाराला घेतले जातात.

- पेशींचा प्रकार : आधी अॅडेनोकार्सिनोमा आणि आता स्क्वॅमस असेल, तर गाठ सहसा नवी.
- काळ : कर्करोग परततो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. जितके अंतर जास्त, तितकी नव्या गाठीची शक्यता अधिक.
- जागा : गाठ फुप्फुसाच्या वेगळ्या भागात आहे का, लसिका ग्रंथी स्वच्छ आहेत का, हे पाहिले जाते.

मग अडते कुठे?

दोन्ही गाठी अॅडेनोकार्सिनोमाच्या निघाल्या की हे निकष अपुरे पडतात. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट दोन्ही नमुन्यांतील पेशींची रचना शेजारी शेजारी ठेवून पाहतात. त्याच्या जोडीला जनुकीय चाचणी (एनजीएस) होते. अनेक बदल दोन्ही गाठींत सारखे असतील तर मूळ एकच. पूर्ण वेगळे असतील तर गाठ नवी.

पण एकच बदल जुळला म्हणून निष्कर्ष काढता येत नाही. ‘ईजीएफआर’ जनुकातील नेहमी आढळणारे बदल दोन स्वतंत्र गाठींतही योगायोगाने सारखे असू शकतात. भारतीय रुग्णांत हे बदल बऱ्याच प्रमाणात आढळतात, त्यामुळे इथे ही काळजी अधिक घ्यावी लागते.

पेट स्कॅन पुरेसा नाही का?

नाही. गाठ जुनी की नवी, हे पेट स्कॅन सांगत नाही. क्षयरोगाचा डागही त्यात कर्करोगासारखाच उजळून दिसू शकतो. म्हणून शक्य तिथे बायोप्सी महत्त्वाची.

रुग्णाने काय जपावे?

पहिल्या शस्त्रक्रियेचा ब्लॉक, स्लाइड, बायोप्सीचा अहवाल आणि जुन्या स्कॅनच्या सीडी. प्रयोगशाळा ब्लॉक ठरावीक वर्षेच ठेवतात. त्यामुळे तो कुठे आहे आणि कधीपर्यंत मिळेल, हे वेळीच विचारून घ्यावे. तुलनेसाठी जुना नमुनाच नसेल, तर नव्या बायोप्सीवरून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते.