लोह आणि घरचें जेवण

मुंबईच्या उपनगरांत रात्रीचें जेवण उशिरां होतें. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर स्थानकावर उतरून, बाहेरच्या भाजीवाल्याकडून एखादी जुडी घेऊन माणूस घरीं पोंचतो, तेव्हां दिवेलागण केव्हांच होऊन गेलेली असते. बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी स्त्री सर्वांना वाढून शेवटीं पानावर बसते आणि उरलेल्या भातावर भागविते. तिला थकवा येतो, तो दगदगीचा म्हणून सोडून दिला जातो. परंतु त्या थकव्याचें मूळ पुष्कळदां रक्तांत असतें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें.

रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. श्वासावाटे घेतलेला प्राणवायु तें शरीरभर पोंचवितें. लोहाशिवाय तें तयार होत नाहीं. म्हणून लोह कमी पडलें कीं जिना चढतांना धाप लागते, चेहरा फिका पडतो आणि कामांत मन लागत नाहीं. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं सांगितलेल्या प्रमाणाप्रमाणें प्रौढ पुरुषास रोज १९ मिलीग्रॅम, तर मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीस २९ मिलीग्रॅम लोह आहारांतून मिळावयास हवें. म्हणजे जिची गरज अधिक, तीच शेवटीं जेवते!

आतां पानांत काय वाढावें? १०० ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळांत एक मिलीग्रॅमही लोह नसतें. तेवढ्याच बाजरींत तें सहा मिलीग्रॅमांहून अधिक असतें. १०० ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम मटकीची उसळ आणि १०० ग्रॅम माठाची भाजी एवढ्या साध्या जेवणांतून सुमारें १३ मिलीग्रॅम लोह मिळतें. यांत महागडें असें कांहींच नाहीं.

मात्र पानांतलें सारें लोह रक्तांत जात नाहीं. धान्यांतील व कडधान्यांतील फायटिक आम्ल तें अडवून धरतें. मटकी भिजवून मोड आणले म्हणजे हें आम्ल कमी होतें. जुन्या गृहिणींची ही रीत शास्त्रासही मान्य आहे. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करतें. तें उष्णतेनें नाश पावतें, म्हणून लिंबू उसळीवर वाढतांनाच पिळावें. चहाचा परिणाम याच्या उलट. त्यांतील टॅनिन लोहास बांधून टाकतें. तेव्हां जेवण आणि चहा यांमध्यें निदान तासाभराचें अंतर असावें. आमसूल किंवा टोमॅटो घातलेला पदार्थ लोखंडी कढईंत शिजविल्यास कढईचेंही थोडें लोह अन्नांत उतरतें. पदार्थ शिजतांच तो दुसऱ्या भांड्यांत काढावा, नाहीं तर काळा पडतो.

मासे-मटण खाणाऱ्या घरांत काम सोपें होतें. मटणांतील, विशेषतः काळजांतील लोह शरीर अधिक सहज घेतें. शिवाय मांस किंवा मासळी पानांत असली म्हणजे भाकरीभाजींतील लोहही अधिक शोषलें जातें.

रक्तास केवळ लोह पुरत नाहीं, हें मुंबईंतच दिसून आलें होतें. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ सालीं येथें आल्या आणि गिरणी-कामगार स्त्रियांना गरोदरपणीं होणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हें पुढें उमगलें. तें पालेभाज्यांत व कडधान्यांत विपुल असतें. भाजी फार वेळ उकळून तिचें पाणी फेकून दिल्यास मात्र तें वाया जातें.

रक्तक्षय तीव्र असेल, तर आहारावर विसंबून राहूं नये. रक्त तपासून घ्यावें आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या घ्याव्या. परंतु रोजच्या जेवणाची व्यवस्था घराच्याच हातीं आहे. उसळ आणि पालेभाजी आधींच सर्वांच्या वांट्याची काढून ठेवावी, आणि वाढणारीनेंही सर्वांबरोबर पानावर बसावें.