गुरू होऊन आलेले दत्त

विष्णूचे दशावतार घरोघरी ठाऊक असतात. दत्तसंप्रदायातली अवतारकल्पना मात्र निराळी: येथे देव दैत्य मारायला नव्हे, तर गुरू म्हणून माणसांत वावरायला येतो.

परंपरेनुसार पहिले अवतार श्रीपाद श्रीवल्लभ. जन्म आंध्रातल्या पीठापूरचा, वास्तव्य कृष्णेतल्या कुरवपूर बेटावर. दुसरे नृसिंह सरस्वती विदर्भातल्या कारंज्यात जन्मले आणि काशीला संन्यास घेऊन दक्षिणेकडे परतले. दोघांच्या कथा सरस्वती गंगाधरांच्या ओवीबद्ध ‘गुरुचरित्रा’त आहेत.

१८५६ साली अक्कलकोटला आलेल्या स्वामी समर्थांनाही भक्त याच मालिकेत मानतात.

या संप्रदायाच्या प्रमुख क्षेत्रांत मूर्तीपेक्षा पादुकांना मान मोठा. औदुंबरला विमल पादुका, नरसोबाच्या वाडीला मनोहर आणि गाणगापूरला निर्गुण पादुका पूजल्या जातात.