नवं-जुनं करताना जुनी चिठ्ठी कुठे गेली?

मार्च सरत आला की आमच्या रिद्धपुरात, किंबहुना सगळ्या मोर्शी तालुक्यात, एक शब्द हमखास कानी पडतो: नवं-जुनं. सोसायटीचे जुने पीककर्ज भरायचे आणि खरिपासाठी लगेच नवे उचलायचे. संत्र्याचे पैसे हाती आले नसतील तर भरण्यापुरती रक्कम चार दिवसांसाठी कुठून तरी हातउसनी आणायची. तिथे निदान जुने खाते फिटल्याची पावती मिळते. खासगी देण्याघेण्यात मात्र नेमका इथेच घात होतो.

आमच्याच घरची गोष्ट. आजोबांनी मिरगाच्या तोंडावर एकाकडून दहा हजार घेतले. पीक बुडाले. पुढच्या साली सवाईने साडेबारा हजारांची नवी चिठ्ठी झाली; जुनी परत मागायचे कुणाला सुचले नाही. आजोबांच्या इंतकालनंतर त्या माणसाचा मुलगा दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दारात उभा! म्हणजे साडेबावीस हजार.

ही युक्ती जुनीच आहे. 1859 च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली, ती व्याज साचू नये म्हणून. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्याची वाट काढली आणि थकलेले व्याज मुद्दलात घातले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, त्यामागे हाच राग होता.

अज्ञानकाळातले अरबही मुदत संपली की ऋणकोपुढे दोनच मार्ग ठेवत: देणे भर, नाही तर रक्कम वाढव. सूरह आले-इमरानमध्ये (आयत 130) असे दुणावत जाणारे व्याज निषिद्ध ठरले. सूरह अल-बकरात (आयत 280) अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याचा हुकूम आहे. माफ केले तर अधिक चांगले. म्हणजे मुदत वाढवता येते, मुदतीची किंमत घेता येत नाही. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (सल्ल.) सर्वांत आधी आपले चुलते हजरत अब्बास (रजि.) यांचे येणे व्याज रद्द केले. सुरुवात घरातून झाली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

देशाचा कायदाही इथे कामी येतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 प्रमाणे दोघांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा आला की जुना पाळावा लागत नाही. पण नवा कागद जुन्याच्या बदल्यात आहे, हे दिसायला हवे. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

आमच्या बाबतीत दुसऱ्या चिठ्ठीवरचे साक्षीदार चाचा हयात होते. त्यांनी चारचौघांत सांगितले की दुसरी चिठ्ठी पहिलीच्याच बदल्यात होती. मुद्दलाचे दहा हजार आम्ही त्याच बैठकीत मोजून दिले. दोन्ही कागद चाचांनी स्वतः चुलीत घातले.