टारगट पोरं

जेऊर स्टेशनाबाहेर चार पोरं बसलेली दिसली, की आम्ही म्हातारी माणसं म्हणतो, "टारगट! कामाची ना धामाची." शाळेत असतानाही आम्ही हेच म्हणत होतो. एक पोरगा सारखा बाकावर बोटं वाजवायचा. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभा केला. तो ताल धरतो आहे, हे काही आमच्या ध्यानात आले नाही.

आता पुढचं ऐका. आपल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' चित्रपट केला. त्यात मुख्य काम सोमनाथ अवघडे या शाळकरी पोराने केले. तो केमचा. केम म्हणजे आपल्या तालुक्यातलं कुंकवाचं गाव. सोमनाथ हलगी वाजवणारा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला!

मंजुळे यांचा २०२२ सालचा चित्रपट 'झुंड'. तो नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर आहे. बारसे खेळाचे मास्तर. झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसे यांनी ते पाहिले आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातूनच पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली.

आम्हीही मास्तरच. पण आम्ही तिथे असतो, तर बादली काढून घेतली असती.